अकरावा प्रश्न, चित्र दुसरं

कच्चा हिरडा चघळून वर पाणी प्यायलं की पाणी गोड लागतं. हिरडा मात्र तुरटच राहतो.

*

तळपेवाडीहून जुन्नरला उतरताना खिंडीत एक दगड लागतो. त्यावर वाघ कोरलेला आहे. शेंदराची पुटं चढून चढून वाघाला आता डोळे उरलेले नाहीत.

*

ओतूरच्या मळ्यात पीक निघालं की उरलंसुरलं पाचट बांधाशी गोळा करतात आणि पेटवून देतात. मग शेत निजतं.

*

"चित्रांना भाषा नसते, म्हणून चित्रांची परीक्षा सर्व मुलांस समान." हे पुण्याच्या एका कचेरीत कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी मान डोलावली.

*

उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यात अंगठ्याचा काळा ठसा. शाईचा नाही.

*

दोन. दोन. दोन. दोन. दोन.

जुन्नरातल्या एका मुलीचं आणखी एक दोन.

एक

"चोरी झालीय बाई," चिमाजीराव बाणखेले म्हणाले, "आणि चोर अजून दहा वर्षांचे व्हायचेत."

१९५७ चा एप्रिल. जुन्नरच्या एका शाळेत, बाकं भिंतीला सरकवून मोकळ्या केलेल्या वर्गात ते बसले होते. चिमाजीराव परीक्षेचे तपासनीस. मंचरचे. आवाज खणखणीत, सदरा कडक, माणूस सरळ. समोर प्रयागबाई डुंबरे. मूळच्या ओतूरच्या, ऐन तारुण्यात वैधव्य आलेल्या, बरीच वर्षं मास्तरीण होत्या. आता पुण्यात परीक्षांचीच परीक्षा घेण्याचं काम करत. प्रश्न नीट मोजतो की नाही, हे आकड्यांवरून पाहायचं.

ही परीक्षा वसतिगृहाच्या शाळेसाठी होती. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतली चौथी झालेली मुलं बसायची. प्रत्येक प्रश्न चित्रांचा, उत्तर म्हणून चित्राचा आकडा लिहायचा. जे निवडले जातील त्यांना राहणं, जेवण आणि मॅट्रिकपर्यंत शिक्षण. जे राहतील त्यांतल्या डोंगरातल्या पोरांना गुरं. डोंगरात चौथीच्या पुढे शाळाच नव्हती.

"तळपेवाडीची पाच मुलं," चिमाजीराव म्हणाले. "या केंद्रावर डोंगरातली एवढीच. अकराव्या प्रश्नाला पाचांनीही दोन लिहिलं. बरोबर उत्तर चार. आता बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखं असतं, ते मला समजतं. चूक सारखी कशी होते?"

"प्रश्न चांगला विचारलात."

"हीच चूक करणारी सहावी जुन्नरचीच. शमा इस्माईल. ती मुलींच्या खोलीत होती, तिनंही दोन लिहिलंय. पण तिच्या शेजारी कोण बसलं होतं? तळपेवाडीची बायडा. दोघींची आधीची ओळख. मी चौकशी केलीय." त्यांनी पाच उत्तरपत्रिका पुढे केल्या. "आणि हे बघा. पाचांवरही काळे डाग. कार्बन कागद असणार."

प्रयागबाईंनी डागावरून बोट फिरवलं. बोट किंचित काळं झालं.

"मुलांना विचारलंत?"

"विचारलं तर! अकराव्या प्रश्नात काय केलंत रे? पाचही मुके. जमिनीकडे बघत उभे. निरपराध पोर असं गप्प बसतं होय?" त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "सोमवारी यादी लागणार. या सहांचे पेपर रद्द करतोय. तुमची सही हवी."

प्रयागबाईंनी सही केली नाही. "प्रश्न काय होता?"

"मला कुठं ठाऊक? पुस्तिका सीलबंद असतात, दरवर्षी त्याच वापरतात. एक तुमच्या पिशवीत असेल की."

"आहे. पण आता उघडायची नाही."

"का?"

"प्रश्न आधी पाहिला की डोळा कुणाची तरी बाजू घेतो."

दोन

त्यांनी कात्री मागवली. जुन्नर केंद्रावर बसलेल्या प्रत्येक मुलाच्या नावाची कागदाची एक पट्टी कापली. पट्टीवर प्रश्नांचे चौकोन. बरोबर तिथं टिंब, चूक तिथं लिहिलेलं उत्तर. मग खुर्ची बाजूला ढकलून त्या फरशीवर मांडी घालून बसल्या.

आधी तळपेवाडीच्या पाच पट्ट्या शेजारी शेजारी.

"चिमाजीराव, लहानपणी आंबे चोरलेत?"

"हा काय प्रश्न झाला?"

"कुंपण ओलांडून गेलेला पोरगा एकच आंबा घेऊन परतत नाही. हे बघा. सातवा प्रश्न भागूचा चुकलाय, जानकूचा बरोबर. नववा जानकूचा चुकलाय, भागूचा बरोबर. जानकूचं तर अर्धंअधिक चुकलंय, बिचाऱ्याचं, आणि ज्याला जवळजवळ सगळं येतं तो भागू त्याच्या पुढच्याच बाकावर. एकमेकांचं बघायची सोय असताना यांनी अकरावा तेवढा बघितला, आणि तोही चुकीचा? आणि मुलींच्या खोलीतल्या बायडानं कसा बघितला?"

"त्यांनी ठरवून केलं असेल."

"चुकायचं ठरवून?"

चिमाजीराव खुर्चीवरून उठून जवळ आले.

मग बाईंनी शिडी मांडली. अकरावा प्रश्न झाकून ठेवला आणि बाकीच्या प्रश्नांत कुणाचं किती बरोबर आलं त्यावरून पट्ट्या खालपासून वरपर्यंत लावल्या. सारखे गुण, एकच पायरी. एका पायरीवर बेल्ह्याचा मुलगा, ओतूरची मुलगी आणि तळपेवाडीचं पोर, असे शेजारी शेजारी आले.

"एका पायरीवरची मुलं म्हणजे सारख्या उंचीची मुलं," त्या म्हणाल्या. "झाडावरचं फळ एकाच्या हाताला लागलं तर साधारण दुसऱ्याच्याही लागायला हवं. आता एकेक प्रश्न बघू."

पाचवा प्रश्न. एका पायरीवरची मुलं बरोबरीनं सुटली, बरोबरीनं अडली. गाव कुठलंही असो. आठवा, तसंच. बारावा अवघड होता, खालच्या पायऱ्या सरसकट अडल्या, वरच्या सुटल्या. त्यातही डोंगर आणि सपाटी असा भेद दिसेना.

मग त्यांनी अकराव्यावरचा कागद काढला.

सगळ्यांत खालच्या पायऱ्यांवरसुद्धा सपाटीच्या बहुतेक मुलांनी चार लिहिलं होतं. आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर, बेल्ह्याच्या आणि नारायणगावच्या मुलांच्या मधोमध, भागू तळप्याचं दोन.

"म्हणजे?" चिमाजीरावांनी विचारलं.

"हा प्रश्न मुलाची हुशारी मोजत नाही. गाव मोजतोय."

"चित्रांचा प्रश्न गाव कसा मोजेल?"

"तेच तर कळत नाही." बाईंनी चष्मा काढून पुसला. "आणि त्याहून मोठी अडचण ही."

त्यांनी मधल्या पायरीवरची एक पट्टी उचलली. शमा इस्माईल. भर जुन्नरातली मुलगी. तिच्या आजूबाजूच्या साऱ्या पट्ट्यांवर चार होतं. डोंगराचा आणि तिचा काही संबंध नव्हता, तरी तिनं दोन लिहिलं होतं. गाव मोजणाऱ्या प्रश्नानं तिला का पकडावं?

"मग चोरीच की," चिमाजीराव हळूच म्हणाले. या वेळी त्यांच्या आवाजात आनंद नव्हता.

तीन

तळपेवाडीला सावळाराम गुरुजींबरोबर चालत जावं लागलं. गुरुजी तरणे, काटकुळे, कोटाच्या कोपरांना ठिगळं. एकाच खोलीत चारही इयत्ता शिकवत. ते पुढे जात, मागे वळून बघत, थांबत.

"बाई, दम लागला का?"

"लागलाय. तुम्ही बोलत राहा, म्हणजे मला थांबायला निमित्त मिळेल."

"काय बोलू? पाचातलं एक जरी खाली शिकायला गेलं ना, तर पुढच्या वर्षी दहा पोरं शाळेत येतील. नाही गेलं, तर आहेत तीही जातील. लोक म्हणतील, मास्तर पोरांना चोऱ्या शिकवतो."

"अकराव्या प्रश्नात काय होतं ते मुलांनी तुम्हाला सांगितलं असेल ना?"

"नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत?"

गुरुजी गोंधळले. "विचारायचं नसतं ना? पेपरातलं बाहेर बोलू नये, असा नियम होता."

प्रयागबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. एवढा भोळा माणूस असतो, किंवा एवढा हुशार चोर असतो.

समोरच्या उतारावर जागोजागी काळे चौकोन दिसत होते, कुणी घोंगड्या वाळत घातल्यासारखे. बाईंनी ते पाहिले. धाप लागली होती, म्हणून विचारलं नाही.

शाळा म्हणजे एक कुडाची खोली. पाच मुलं ओळीनं उभी होती. भागू उंच, कानांनी मोठा. जानकू गोलमटोल. बायडाच्या केसांना एवढं तेल की कपाळ चमकत होतं. आणि दोघं जुळे भाऊ, एकमेकांचा हात धरून.

"अकराव्या प्रश्नात काय होतं रे?"

जुळ्यांनी एकमेकांचा हात आणखी घट्ट धरला.

"भागू, कुणाचं बघून लिहिलंस?"

"न्हाई."

"मग आपल्या मनानं?"

भागूनं तोंड उघडलं. मिटलं. जानकूनं बायडाकडे पाहिलं, बायडानं जमिनीकडे. जुळ्यांतला एक रडायला लागला आणि दुसऱ्यानं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

असं गप्प बसणं प्रयागबाईंनी बरंच पाहिलं होतं. वर्गात शाई सांडणाऱ्या मुली अशाच गप्प बसत. शिडी खोटं बोलली की काय?

दारात लाकडाची मोळी टेकवून एक बाई उभी होती. भागूची आई, लंकाबाई. तिनं डोक्यावरची चुंबळ काढून काखेत धरली.

"बाई, त्यास्नी इचारू नगा. त्यांची जीभ बांधलीया."

"कुणी बांधली?"

लंकाबाईनं हनुवटीनं दाखवलं. "ह्या गुरुजीनं."

चार

सावळाराम गुरुजी लंकाबाईकडे वळले.

"पेपराला जाताना खिंडीत थांबिवलं ह्यांनी पोरास्नी," लंकाबाई म्हणाली. "वाघोबाच्या दगडावर हात ठिवून वदवून घेतलं, पेपरातलं एक अक्षर भायेर काढायचं न्हाई. भागू घरला आला, म्या इचारलं, सोपा व्हता का रं? तर पोरगं हंडा उचलून पाण्याला पळालं! आजपातुर कंदी पाणी आणलं न्हाई त्यानं."

बाहेर जमलेल्या बायका हसल्या. लंकाबाई हसली नाही.

"त्या सायबानं इचारलं तवाबी ह्ये असंच उभं ऱ्हायलं म्हनं. आता त्यो म्हनतो चोर. ह्यो बोलत न्हाई. ह्यो गुरामागं त्याच खिंडीतनं जातो बाई, रोज. वाघाला खोटं पडून कसं चालंल?"

"मला वाटलं, प्रामाणिकपणा शिकवतोय," गुरुजी म्हणाले. "नियम मोडू नये म्हणून... असं होईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही." मग एकदम, "सोडवता येतं बाई. नारळ फोडून कौल घ्यायचा. आत्ताच खिंडीत जाऊ. तासाभरात मुलं सगळं बोलतील."

प्रयागबाईंनी मुलांकडे पाहिलं. सुटकेची बातमी ऐकून एकाचाही चेहरा उजळला नव्हता. भागू आईच्या पदराकडे सरकला होता. मोठ्या माणसांनी घ्यायला लावलेली शपथ, आता मोठी माणसंच मोडायला लावणार होती. जाता-येता वाघ मात्र त्यालाच भेटणार होता.

"नको," बाई म्हणाल्या. "शपथ राहू दे. आपण दुसऱ्या वाटेनं जाऊ."

"दुसरी वाट हाय व्हय?" लंकाबाईनं विचारलं.

"शोधते."

निघताना बायडानं त्यांच्या हातात हिरव्या हिरड्याची फोड ठेवली. "चावा. मंग पानी प्या." बाईंनी चावली, तोंड वेडंवाकडं केलं, मुलं पहिल्यांदा हसली. मग पाण्याचा तांब्या. पाणी उसाच्या रसासारखं लागलं.

"कुठून आणलास गं?"

"झाडावरनं. सारी वाडी येचती. मंग इस्माईलचाचा घिऊन जात्यात जुन्नरला."

पाच

इस्माईल. शमा इस्माईल.

ओळखीचा धागा सापडला, पण तो चिमाजीरावांच्याच बाजूचा होता. बायडा आणि शमा खरंच एकमेकींना ओळखत होत्या.

जुन्नरच्या एस.टी.त खिडकीशी बसून प्रयागबाईंनी शेवटी पुस्तिकेचं सील फोडलं. आता डोळ्यांना बाजू घ्यायची तर घेऊ दे.

अकरावा प्रश्न. चार चित्रं.

पहिल्यात एक बाई पीक कापते आहे. दुसऱ्यात शेतात आग लागली आहे आणि माणूस काठी घेऊन शेजारी उभा आहे. तिसऱ्यात माणूस बी फेकतो आहे. चौथ्यात बैल आणि नांगर. खाली एकच ओळ: यांपैकी सर्वांत आधीचं काम कोणतं, त्या चित्राचा आकडा लिहा.

नांगरणी. मग पेरणी, कापणी, आणि शेवटी धसकटं-पाचट जाळून शेत मोकळं. बाईंनी चित्रं उलटसुलट पाहिली. लहानपणापासून ओतूरच्या मळ्यात हेच पाहिलं होतं. अवघड शब्द नाही, फसवं काही नाही.

प्रश्नात खोट नव्हती. बाईंनी पुस्तिका मिटली आणि घाटातल्या वळणावर डोळेही मिटले.

मग शिडीत कुठली खोट दिसली होती?

सहा

इस्माईलची वखार जुन्नरच्या बाजारपेठेत होती. अंगणभर हिरडा वाळत घातलेला, आणि त्याच्या मधोमध खराटा घेऊन शमा. नाकात चमकी, वेणी अर्धी सुटलेली.

"तुम्हीच त्या चिंधीवाल्या बाई का?" तिनं विचारलं. "सगळे म्हणतात एक बाई कागदाच्या चिंध्या करून फरशीवर बसते."

"शमे!" आतून इस्माईल ओरडला आणि लगबगीनं बाहेर आला. "माफ करा बाई. हिची आई जोहराबी म्हणती, जुन्नरचं समदं बोलणं हिच्याच वाट्याला आलंय."

"असू दे. मला बोलणारंच माणूस हवं होतं. शमा, अकरावा प्रश्न आठवतो?"

"शेताच्या चित्रांचा? आधी आग."

"बायडाचं बघितलंस?"

"बायडाचं बघू?" शमानं खराटा खाली टेकवला. "तिला माझ्यापेक्षा कमी येतं!"

"शमे!"

"खरंच अब्बा. पाढे तरी येतात का तिला?"

"मग आधी आग का लिहिलंस?"

शमानं त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं मुलं कधी कधी वडीलधाऱ्यांकडे पाहतात, थोडं कीव येऊन. "मग? आग लावल्याशिवाय पेरणार कुठं?"

वाळणाऱ्या हिरड्यावरून वारा गेला. प्रयागबाईंनी इस्माईलकडे पाहिलं.

"तिचं बरोबर हाय बाई," इस्माईल म्हणाला. "माल आणायला मी वाड्यांवर जातो, तवा ही हट्टानं संगं येती. उन्हाळ्यात तिकडं बघा तुमी. शेण, पाला, वाळलेल्या डहाळ्या, समदं वावराच्या एका तुकड्यावर पसरत्यात नि भाजत्यात. राब म्हणत्यात त्याला. पाऊस आला की त्या राखेत भात पेरायचा. रोपं वर आली की मग दुसरीकडं नांगरून, चिखल करून लावायची. आधी आग. नांगर लई मागनं."

उतारावरचे काळे चौकोन. घोंगड्या नव्हत्याच त्या.

"तुमी ओतूरच्या ना?" इस्माईलनं विचारलं. "ओतूरवरनं डोंगर दिसतो की."

"दिसतो," प्रयागबाई म्हणाल्या. "धूरही दिसायचा. आम्हाला वाटायचं, वणवा लागलाय."

सात

"एका मुलीच्या तोंडच्या गोष्टीवर यादी बदलू?" चिमाजीराव म्हणाले. राबाची हकीकत त्यांनी हाताची घडी घालून ऐकली होती. "गोष्ट चांगली आहे. पण चांगली गोष्ट चोरालाही रचता येते."

"म्हणूनच गोष्टीवर थांबायचं नाही. घोडेगाव केंद्राचा गठ्ठा आहे ना तुमच्याकडे?"

"आहे. त्याचा इथं काय संबंध?"

"तिथंही डोंगरातली मुलं बसली होती. वेगवेगळ्या वाड्यांची, एकेकटी. तळपेवाडीची ओळख ना पाळख. पर्यवेक्षक वेगळा, गाव वेगळं. चोरी असेल तर तिथं दोन यायचं कारण नाही. राब असेल तर यायलाच हवं." बाईंनी खुर्ची वळवली आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. "तुम्ही फक्त मुलाचं गाव वाचा. अकराव्याचं उत्तर मी सांगते."

चिमाजीरावांना हा पोरखेळ वाटला. पण गठ्ठा त्यांनी सोडला.

"मंचर."

"चार."

"...चार. कळंब."

"चार."

"बरोबर." त्यांनी मुद्दाम एक पान खालून ओढलं. एक वाडी, भीमाशंकराच्या अंगाची.

"दोन."

चिमाजीराव थांबले. "दोन," ते म्हणाले.

आणखी एक डोंगरातली वाडी. दोन. खालचं एक गाव. चार. वाचता वाचता त्यांचा खणखणीत आवाज खाली आला. मग एकदम चढला. "ही बघा! आंबेगावच्या पाटण खोऱ्यातली वाडी, ऐन डोंगरात!"

"दोन."

"चूक! चार लिहिलंय पोरानं!" ते इतके खूश झाले की उठून उभे राहिले. मग पान डोळ्यांजवळ नेलं. पुन्हा वाचलं. हळूहळू खाली बसले.

"काय झालं?" भिंतीकडे बघतच बाईंनी विचारलं.

"नाव वाडीचं आहे. शाळा पेठची." त्यांनी खाकरून घसा साफ केला. "पेठ म्हणजे आमच्या मंचरजवळचं गाव, हमरस्त्यावरचं. पहिलीपासून तिथंच शिकतोय. मामाकडे वगैरे असेल. त्यानं राब पाहिलाच नसेल."

हे त्यांचं त्यांनीच शोधलं होतं. बाई वळल्या आणि हसल्या नाहीत, म्हणून चिमाजीरावांना बरं वाटलं.

"त्या मुलांची उत्तरं मीच तपासली होती," ते म्हणाले. "मला काहीच खटकलं नाही."

"एकेकटं होतं तेव्हा तुम्ही त्याला चूक म्हणालात. पाच एकत्र आली तेव्हा चोरी म्हणालात. उत्तर तेच होतं."

"म्हणजे आमची मंचरची मुलं हुशार नव्हती?"

"आहेत की. पण या एका प्रश्नाला त्यांना हुशारी लागली नाही. त्यांच्या बापाचं शेत पुरलं."

चिमाजीरावांनी सहीचा कागद ओढला, आडवा फाडला, आणि प्रयागबाईंच्या पट्ट्यांच्या ढिगावर ठेवला. "मग दोन आणि चार, दोन्ही बरोबर धरू या?"

"आपल्याला दोन वाटा सापडल्या. तिसरी एखाद्या गावात असेल, ती कुणाला सापडली? नको. प्रश्नच काढून टाका. सगळ्यांचाच."

आठ

सोमवारी यादी लागली. अकरावा प्रश्न कुणालाच धरला नव्हता. भागू, बायडा, दोघं जुळे आणि शमा यांची नावं होती.

जानकूचं नाव नव्हतं. चोर म्हणून नव्हे, गुण कमी पडले म्हणून. सावळाराम गुरुजींनी एकदा प्रयागबाईंकडे पाहिलं, पण काही मागितलं नाही. बाईंनीही काही दिलं नाही. त्या जानकूजवळ गेल्या आणि त्याची पट्टी त्याच्या हातात ठेवली.

"हे बघ, सातवा तुला आला. तो भागूला आला नव्हता. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बस, मला इथंच भेट."

जानकूनं पट्टी टोपीत खोचली.

लंकाबाई अंगणात उभी होती, भागूचं बोचकं छातीशी धरून. पोरगं आता डोंगरात राहणार नव्हतं, हे तिला यादी लागल्यावरच खरं वाटलं होतं. तिनं प्रयागबाईंचा हात धरला, आणि बराच वेळ धरून ठेवला.

"दुसरी वाट गावली म्हनायची."

"तुमच्याच वावरातून जात होती."

चिमाजीराव पायऱ्या उतरून आले. भागूपुढे उभे राहिले. कडक सदऱ्यासकट थोडे वाकले.

"काय रे भागू, आता यादी लागली. आता सांग, अकराव्या प्रश्नात काय होतं?"

भागूनं त्यांच्याकडे पाहिलं. गुरुजींकडे पाहिलं. मग डोंगराच्या दिशेनं, जिथं खिंड असावी तिथं. आणि जमिनीकडे बघत उभा राहिला.

चिमाजीराव वाट बघत राहिले. मग त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"शाबास," ते म्हणाले.

वळून जाताना त्यांना आठवलं. "आणि बाई, ते काळे डाग? ते राहिलेच की."

"माझ्या पट्ट्यांवर फक्त उत्तरं होती, डाग नव्हते," प्रयागबाई म्हणाल्या.

*

पेपराच्या आदल्या दिवशी तळपेवाडीनं राब भाजला. पाचही मुलं अंधार पडेपर्यंत राख पसरत होती, आणि सकाळी ओढ्यावर हात घासूनही नखांतली काजळी निघाली नाही.